वेल्श रग्बीच्या गप्पांत नव्याने शिरताय? आधी क्लब विचारा, मग कोचवर बोला

वेल्समध्ये शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी माणसाला रग्बीतलं ओ की ठो कळत नसतं, त्याबद्दल तिथे कोणी नावं ठेवत नाही. पंचाईत वेगळीच होते. सोमवारी सकाळी ऑफिसात एकजण म्हणतो कोच बदला, दुसरा म्हणतो कोचचा काय दोष, तिसरा थेट १९७४ सालात जातो, आणि आपण चहाचा कप धरून विचार करतो की ही माणसं नक्की एकाच विषयावर भांडतायत ना. तर हो, एकाच. वेल्सचा कोच कोण असावा हा वाद बहुतेक वेळा आतून "आमच्या क्लबचं तुम्ही काय केलंत" हाच वाद असतो. एवढं डोक्यात ठेवलं की बाकीचं आपोआप लागत जातं. म्हणून इथे क्रम तसाच घेतलाय, कोचची यादी पाठ करायच्या आधी क्लबांचा नकाशा.

पायरी १: नियम, कामापुरते

१५ विरुद्ध १५, ८० मिनिटं. बॉल हाताने पुढे फेकायचा नाही, मागे नाहीतर बाजूला द्यायचा, पुढे न्यायचा तर घेऊन पळा किंवा लाथ मारा. समोरच्याच्या रेषेपलीकडे जाऊन बॉल जमिनीला टेकवला की ट्राय, त्याचे ५ पॉइंट. त्यानंतरच्या किकचे २, पेनल्टीचे ३, ड्रॉप गोलचे ३. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्हीकडचे आठ-आठ जण डोकी खुपसून एकमेकांना रेटतात तेव्हा, शिट्टी नक्की कशासाठी वाजली हे कळलं नाही तर गप्प बसा, शेजारच्यालाही बहुतेक कळलेलं नसतं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, जुने स्कोअर वाचताना उपयोगी पडते. ट्रायचे १९७१ पर्यंत ३ पॉइंट होते, मग ४ झाले आणि १९९२ पासून ५. त्यामुळे ३-०, ९-३ असे स्कोअर दिसले तर मॅच रटाळ झाली असेल असं समजू नका, तिथल्या इतिहासातल्या सगळ्यात मोठ्या मॅचेस त्याच आहेत.

पायरी २: नकाशा घ्या आणि क्लब लावा

रग्बी सगळ्या वेल्सभर सारखी नाही. ती मुख्यतः दक्षिणेची, म्हणजे कोळसा खाणींच्या दऱ्या, पोलादाचे आणि पत्र्याचे कारखाने, बंदरं ह्या पट्ट्याची. उत्तरेत फुटबॉल जास्त. खाणीचं गाव म्हटलं की चॅपल, पब आणि रग्बी क्लब आलाच, आणि पलीकडच्या दरीतल्या गावाशी खुन्नस पण आलीच.

नीथ हा तिथला सगळ्यात जुना क्लब, १८७१ चा, आणि वेल्श रग्बी युनियनसुद्धा १८८१ मध्ये नीथमध्येच स्थापन झाली. जर्सी काळी, त्यावर पांढरा क्रॉस. शेजारी स्वॉन्झी, सगळं पांढरं, म्हणून त्यांना ऑल व्हाइट्स म्हणतात. त्यांचं मैदान सेंट हेलेन्स, आणि हे नाव क्रिकेटवाल्यांना माहीत असायला पाहिजे कारण १९६८ मध्ये गॅरी सोबर्सने एका ओव्हरला सहा सिक्स मारले ते इथेच. (त्या विक्रमाची बरोबरी मुंबईत करणारा रवी शास्त्री पुढे ग्लॅमॉर्गनकडून, म्हणजे वेल्सच्या काउंटीकडून खेळला. एखाद्या म्हाताऱ्या वेल्श माणसाशी गप्पा सुरू करायच्या असतील तर हे वाक्य रामबाण आहे, वापरून बघा.)

पुढे पश्चिमेला लानेल्ली, लाल जर्सी, पत्र्याच्या कारखान्यांचं गाव, गोलपोस्टच्या टोकावर खरोखरची लाल सॉसपॅनं लावलेली. वेल्श भाषा स्टँडमध्ये सगळ्यात जास्त इथे ऐकू येते. पूर्वेला न्यूपोर्ट, काळी-पिवळी, मैदान रॉडनी परेड. मध्ये राजधानी कार्डिफ, जिच्याबद्दल बाकीच्या सगळ्यांचं एकमत आहे की ते स्वतःला फार शहाणे समजतात. मग दऱ्यांमधले: पॉन्टीप्रीध, ज्यांचं सार्डिस रोड मैदान हाऊस ऑफ पेन म्हणून ओळखलं जायचं, एबू व्हेल, मायस्टेग, ब्रिजेंड, अ‍ॅबरअ‍ॅव्हन. आणि पॉन्टीपूल, ज्यांच्या १९७० च्या दशकातल्या फ्रंट रोबद्दल (स्क्रममधली पुढची ओळ), म्हणजे बॉबी विंडसर, चार्ली फॉकनर आणि ग्रॅहम प्राइस ह्या तिघांबद्दल, लोक आजही असं बोलतात जसं काही कालच मॅच झालीय. त्यांचा कोच रे प्रॉसर, पोरांना पार्कातल्या चढावर पळवून पळवून जीव काढायचा.

ह्या क्लबांना एवढा मान का, तर ह्यांनी न्यूझीलंडला हरवलंय. राष्ट्रीय टीमने नव्हे, क्लबने. स्वॉन्झीने १९३५ मध्ये, कार्डिफने १९५३ मध्ये, न्यूपोर्टने १९६३ मध्ये, आणि लानेल्लीने ३१ ऑक्टोबर १९७२ ला स्ट्रेडी पार्कवर, ९-३. ह्या शेवटच्या मॅचची तारीख पाठच करून टाका, ती सारखी निघते. त्या दिवशी गावातल्या पबमधली बिअर संपली असं सांगतात. त्याच्या उलट वेल्सच्या राष्ट्रीय टीमने न्यूझीलंडला शेवटचं हरवलं ते १९५३ मध्ये. म्हणजे ज्याच्या आजोबांनी स्ट्रेडी पार्कवर उभं राहून ९-३ बघितलंय त्याला "क्लबपेक्षा देश मोठा" हे सांगायला जाऊ नका.

पायरी ३: २००३ समजून घ्या, नाहीतर काहीच समजणार नाही

१९९५ मध्ये रग्बी अधिकृतपणे प्रोफेशनल झाली, पगार द्यायचे आले, आणि एवढ्याशा देशात इतक्या सगळ्या क्लबांना पैसा पुरणार कुठून. कार्डिफ १९९६ मध्ये पहिल्या हायनेकेन कपच्या फायनलला पोचलं, घरच्या मैदानावर टुलूझकडून २१-१८ ने हरलं, आणि त्यानंतर आजतागायत एकाही वेल्श टीमला तो युरोपातला मोठा कप मिळालेला नाही. मग २००३ मध्ये युनियनने, डेव्हिड मॉफेट तेव्हा प्रमुख होते, वरच्या पातळीवरचे क्लब काढून पाच प्रादेशिक टीम केल्या, ह्यांनाच रीजन म्हणतात.

म्हणजे असं समजा की दादर युनियन आणि शिवाजी पार्क जिमखाना एकत्र करून एक टीम केली, नवा लोगो लावला आणि सांगितलं की आता दोघांनी मिळून टाळ्या वाजवा. नीथ आणि स्वॉन्झीचं तेच झालं, त्यातून ऑस्प्रीज निघाली. कार्डिफ आणि लानेल्ली (स्कार्लेट्स) जवळपास स्वतःच्याच नावावर राहिले, न्यूपोर्ट आणि ग्वेंटच्या दऱ्या मिळून ड्रॅगन्स. पाचवी सेल्टिक वॉरियर्स, पॉन्टीप्रीध आणि ब्रिजेंड मिळून, आणि ती एका सीझननंतर २००४ मध्ये बंदच करून टाकली. एक सीझन! पॉन्टीप्रीधच्या माणसाला कार्डिफला जाऊन "आमची टीम" म्हणायला सांगितलं, आणि कित्येकांनी ते आजपर्यंत म्हटलेलं नाही. ते सार्डिस रोडवरच जातात, खालच्या पातळीची मॅच बघतात आणि रीजनचं नाव काढलं की तोंड वाकडं करतात. माझं स्वतःचं मत, रीजन करणं टळलं नसतं, पैशाचं गणितच तसं होतं, पण वॉरियर्स ज्या पद्धतीने बंद केली तिची किंमत रिकाम्या खुर्च्यांत अजून मोजली जातेय.

तरी रीजननी काही जिंकलं नाही असं कोणी म्हणालं तर ते खरं नाही. ऑस्प्रीजने लीग चारदा जिंकली (२००५, २००७, २०१०, २०१२). स्कार्लेट्सने २००४ मध्ये आणि मग २०१७ मध्ये, डब्लिनला मन्स्टरला ४६-२२ असं धुऊन, ती फायनल कुठे सापडली तर जरूर बघा, एवढी मोकळी रग्बी क्वचित दिसते. कार्डिफने युरोपातला दुसऱ्या क्रमांकाचा चॅलेंज कप २०१० आणि २०१८ मध्ये घेतला. ड्रॅगन्सबद्दल त्यांचेच फॅन इतके कडवट विनोद करतात की आपण भर घालायची गरज नाही.

सध्याचं चित्र असं की चार रीजन युनायटेड रग्बी चॅम्पियनशिपमध्ये खेळतात, आयर्लंड, स्कॉटलंड, इटली आणि दक्षिण आफ्रिकेच्या टीम धरून एकूण १६. एप्रिल २०२५ मध्ये कार्डिफ दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलं आणि युनियननेच ते ताब्यात घेतलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात युनियनने जाहीर केलं की चाराचे तीन करायचे, एक राजधानीत, एक पूर्वेला, एक पश्चिमेला. पश्चिमेला सध्या दोन आहेत, ऑस्प्रीज आणि स्कार्लेट्स, त्यामुळे आग कुठे लागली असेल ते सांगायला नको. ह्या विषयावर बोलण्याआधी त्या आठवड्याची बातमी वाचून जा.

त्याखाली सुपर रिग्बी कम्री, २०२४ मध्ये सुरू झालेली दहा टीमची लीग, ज्यात नीथ आणि पॉन्टीप्रीध नाहीत (हा अजून एक वाद) पण न्यूपोर्ट, पॉन्टीपूल, एबू व्हेल, अ‍ॅबरअ‍ॅव्हन, स्वॉन्झी, लँडवरी वगैरे आहेत, आणि उत्तरेची एकटी टीम आरजीसी १४०४.

पायरी ४: आता कोच

इथे एक मजा आहे. १९६० च्या दशकात "कोच" हा प्रकारच बऱ्याच देशांत हलका समजला जायचा, सभ्य माणसं हौसेने खेळतात, त्यांना मास्तर कशाला. वेल्सने ते आधी सोडलं. १९६७ मध्ये रे विल्यम्स ह्यांना पूर्णवेळ कोचिंग संयोजक म्हणून नेमलं, देशभर कोच तयार करायला सुरुवात केली आणि त्याच वर्षी डेव्हिड नॅश हा पहिला राष्ट्रीय कोच. मग १९६८ ते १९७४ क्लाइव्ह रोलंड्स. हा तोच माणूस, ज्याने १९६३ मध्ये कॅप्टन असताना एडिनबराला बॉल सतत बाहेर मारून मारून मॅचमध्ये १११ लाइनआउट (बॉल बाहेर गेला की तो परत आत फेकतात ते) घडवले, बघणाऱ्यांचा जीव गेला पण वेल्स जिंकलं. आणि ह्याच्याच हाताखाली गॅरेथ एडवर्ड्स, बॅरी जॉन वगैरेंनी १९७१ चा ग्रँड स्लॅम मारला, म्हणजे पाच देशांच्या स्पर्धेत सगळ्यांना हरवलं, आणि इतकी देखणी रग्बी खेळली की लोक अजून त्याच मापाने मोजतात. त्याच्यानंतर जॉन डॉस, १९७६ आणि १९७८ चे स्लॅम. झालं, इथे सोनेरी काळ संपतो.

आता तो १९७४ वाला मुद्दा. कार्विन जेम्स. लानेल्लीचा कोच, वेल्श शिकवणारा मास्तर, हातात सिगरेट, प्लाइड कम्री ह्या वेल्श राष्ट्रवादी पक्षातर्फे निवडणूक लढवलेला. १९७१ मध्ये लायन्स, म्हणजे ब्रिटन-आयर्लंडची एकत्र टीम, घेऊन न्यूझीलंडला गेला आणि तिथे मालिका जिंकून आला, जी लायन्सनी त्याआधी किंवा नंतर कधीच जिंकलेली नाही. पुढच्या वर्षी ते स्ट्रेडी पार्कचं ९-३ पण त्याचंच. एवढा माणूस वेल्सचा कोच कधीच झाला नाही. तेव्हा टीम निवडायची पाचजणांची समिती असायची, बिग फाइव्ह म्हणायचे, आणि ह्याचं म्हणणं की निवडीत कोचचा शब्द चालला पाहिजे. युनियनला ते मानवलं नाही, त्याने १९७४ मध्ये आपलं नाव मागे घेतलं. १९८३ मध्ये वारला. पश्चिम वेल्समधल्या माणसासाठी युनियनवरच्या रागाची सुरुवात इथून होते, आणि पुढचा प्रत्येक कोच ह्या चष्म्यातूनच बघितला जातो.

ऐंशी आणि नव्वदची दशकं पटकन उरकू, त्यांनाही आठवायला आवडत नाही. टोनी ग्रेने १९८७ च्या पहिल्या वर्ल्ड कपमध्ये तिसरा नंबर आणला, १९८८ मध्ये ट्रिपल क्राउन, म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड तिघांना हरवलं, आणि त्याच उन्हाळ्यात न्यूझीलंडमध्ये दोन टेस्ट वाईट हरल्यावर त्याला काढलं. चांगले खेळाडू पैशासाठी उत्तर इंग्लंडात रग्बी लीगकडे, म्हणजे १३ जणांच्या वेगळ्या प्रकारच्या रग्बीकडे, जायला लागले, जोनाथन डेव्हिस त्यातलं सगळ्यात मोठं नाव. मग रॉन वॉल्ड्रन, नीथचा यशस्वी कोच, आला आणि टीममध्ये नीथचे भरपूर खेळाडू घेतले, तर बाकीच्या गावांनी काय म्हटलं असेल ते ओळखा. १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियाकडून ६३-६. त्याच वर्षी वर्ल्ड कपमध्ये वेल्सची कार्डिफमध्ये वेस्टर्न सामोआकडून हार, ज्यावर तेव्हाचा जोक असा की बरं झालं, अख्ख्या सामोआशी खेळावं लागलं नाही. १९९८ मध्ये फ्रान्सकडून ५१-०, त्यानंतर केविन बोअरिंग गेला, आणि प्रिटोरियात दक्षिण आफ्रिकेकडून ९६-१३. त्याखाली जायला जागाच नव्हती.

तेव्हा न्यूझीलंडहून ग्रॅहम हेन्री आणला. १९९९ मध्ये लागोपाठ दहा विजय, त्यात दक्षिण आफ्रिकेवरचा पहिलावहिला, अर्धवट बांधलेल्या नव्या स्टेडियमवर, आणि लोकांनी त्याला तारणहार म्हणून डोक्यावर घेतलं. २००२ मध्ये डब्लिनला ५४-१० खाल्ले आणि तो गेला. त्याच्या जागी स्टीव्ह हॅन्सन, हाही किवी, सुरुवातीला हरतच राहिला. पुढे ह्याच दोघांनी न्यूझीलंडला वर्ल्ड कप जिंकून दिले, हेन्रीने २०११ आणि हॅन्सनने २०१५. वेल्श माणूस हे सांगताना थोडा अभिमान आणि थोडी चिडचिड अशा मिश्र आवाजात सांगतो, की शिकले आमच्या खर्चाने.

२००४ ची निवड नीट बघा. सगळ्यांना वाटत होतं गॅरेथ जेन्किन्स होणार, लानेल्लीत आयुष्य गेलेला. नेमला माइक रुडॉकला. पश्चिमेत पुन्हा तीच जखम. आणि वर रुडॉकने पहिल्याच वर्षी २००५ चा ग्रँड स्लॅम मारला, २७ वर्षांनी, म्हणजे तक्रारही करता येईना! वर्षभरात, २००६ च्या फेब्रुवारीत, स्पर्धा चालू असताना तो अचानक गेला, खेळाडूंनीच घालवला अशी कुजबुज अजून चालते. मग शेवटी जेन्किन्स झालाच, आणि २००७ च्या वर्ल्ड कपमध्ये नाँतला फिजीकडून ३८-३४ ने हरल्यावर लगेच काढला. त्या मॅचबद्दल लानेल्लीच्या माणसाकडे स्वतःहून विषय काढू नये.

वॉरेन गॅटलंड तुम्हाला माहीत असेलच, बाकी कोणी नसला तरी. परत किवी, २००७ च्या शेवटी आला, पहिल्याच मॅचला ट्विकनमला इंग्लंडला हरवलं जे वीस वर्षांत जमलं नव्हतं, आणि २००८, २०१२, २०१९ असे तीन स्लॅम, दोन वर्ल्ड कप सेमीफायनल. शॉन एडवर्ड्सचा डिफेन्स, आणि जेमी रॉबर्ट्ससारखा धिप्पाड गडी बॉल घेऊन सरळ समोरच्यावर आदळणार, त्या पद्धतीला वॉरनबॉल असं टोपणनाव. आवडणारे म्हणतात जिंकलो की नाही, न आवडणारे १९७१ काढतात. दोघांचं ऐकून घ्या. माझ्या मते त्याच्या काळातली खरी गोष्ट ही की राष्ट्रीय टीमच्या यशाखाली रीजनची गळती झाकली गेली. तो गेल्यावर वेन पिव्हॅक, तोच २०१७ च्या स्कार्लेट्सचा, २०२१ मध्ये स्पर्धा जिंकला, २०२२ मध्ये घरी इटली आणि जॉर्जिया दोघांकडून हरला. गॅटलंड परत आणला, आणि दुसऱ्यांदा काही जमलं नाही, फेब्रुवारी २०२५ मध्ये रोममधल्या पराभवानंतर तो गेला. वेल्सची हारण्याची मालिका १८ मॅचपर्यंत लांबली, ती जुलै २०२५ मध्ये जपानात कोबेला मॅट शेरटच्या हंगामी देखरेखीखाली एकदाची तुटली. त्याच महिन्यात स्टीव्ह टँडीची नेमणूक झाली, जेन्किन्सनंतरचा पहिला कायमस्वरूपी वेल्श कोच, नीथच्या बाजूचा, आणि २०१२ ला ऑस्प्रीजला लीग जिंकून देणारा.

पायरी ५: गप्पांत तोंड उघडताना

पहिला प्रश्न एकच: "तुमचा क्लब कुठला?" रीजन नका विचारू, क्लब विचारा. उत्तर आलं की त्या माणसाची निम्मी मतं तुम्हाला आधीच कळलेली असतात. लानेल्लीवाला असेल तर कार्विनबद्दल विचारा आणि खुर्ची ओढून निवांत बसा. पॉन्टीप्रीधवाला असेल तर वॉरियर्सबद्दल विचारा पण घाई असेल तर विचारू नका. कार्डिफवाल्याला बाकीचे त्यांच्यावर का चिडतात असं विचारलं की तो खुश होतो.

"परदेशी कोच हवा की वेल्श" ह्यावर बाजू घेऊ नका. २००५ ला वेल्श कोचने स्लॅम दिला, २००८ ला किवीने, दोन्हीकडे पुरावे आहेत. त्याऐवजी बाहेर खेळणाऱ्यांचा नियम विचारा, तो सुरक्षित आहे आणि चर्चा लांबते: वेल्सबाहेर खेळणाऱ्याला देशाकडून निवडायचं तर आधी ठरावीक कॅप, म्हणजे देशाकडून खेळलेल्या मॅच, लागतात, २०१७ मध्ये ही अट ६० होती, २०२३ मध्ये २५ वर आणली. प्रत्येकाचं ह्यावर मत असतं. आणि कितीही गोड बोललात तरी इंग्लंडची जर्सी घालून जायचं नाही, एवढं तरी सांगायला नको.

पायरी ६: मॅच बघा

भारतातून बघणार असाल तर शुक्रवारी रात्रीची तिकडची ७:३५ ची मॅच हिवाळ्यात आपल्याकडे मध्यरात्रीनंतर १:०५ ला लागते, उन्हाळी वेळ असताना एक तास आधी. सुरुवातीला शनिवार दुपारच्या मॅच धरा. पॉइंट टेबल वाचायला सोपं आहे: जिंकल्याचे ४, बरोबरीचे २, चार ट्राय मारल्या तर १ जादा, ७ किंवा त्याहून कमी फरकाने हरलात तरी १. म्हणून शेवटच्या मिनिटाला हरणारी टीम जीव तोडून खेळते ती उगाच नाही.

तिथेच राहत असाल तर नाताळ आणि नवीन वर्षाच्या डर्बी, म्हणजे वेल्श टीमच्या आपसातल्या मॅच, सोडू नका, वर्षभर रिकामं असणारं मैदान त्या दिवशी भरतं. जजमेंट डे म्हणून एकाच दिवशी दोन डर्बी मोठ्या स्टेडियममध्ये ठेवायची पद्धत २०१३ पासून आहे, नवख्याला चारही टीम एकदम बघायला बरी. दोन्ही बाजूंचे फॅन शेजारी शेजारी बसतात, फुटबॉलसारखे वेगळे कुंपणात ठेवत नाहीत, त्यामुळे पोरंबाळं घेऊन जायला काही अडचण नाही.

पण पहिली मॅच माझं ऐका तर रीजनची नको. एखाद्या शनिवारी पॉन्टीपूलला किंवा अ‍ॅबरअ‍ॅव्हनला जा, थांबा कठड्याला टेकून. तिकीट स्वस्त, रेनकोट लागतोच, छत्री उघडलीत तर मागचा ओरडणार. हाफटाइमला क्लबहाऊसमध्ये जा, भिंतीवर जुन्या टीमचे फोटो असतात, त्यातल्या एखाद्या फोटोसमोर उभे राहून हा कोण असं मोठ्याने विचारा, कोणीतरी येऊन सांगायला लागेलच. दुसरा हाफ सुरू झाला की निघा, तो थांबणार नाही.